रिव्हरला तिसरं बदाम पडलं आणि समोरच्यानं बेट मारली : कॉल बरोबर होता का? (पोकर, हात तपासणी)

मेंढीकोट
हात मांडतोय. शेवटी समोरच्यानं काय दाखवलं ते मुद्दामच लिहिलेलं नाही. ते आधी कळलं की सगळ्यांची मतं त्याच बाजूला घरंगळतात.

नो लिमिट होल्डेम (हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही), सहा जण, गंगापूर रोडची रविवारची बैठक. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स आणि महिनाअखेरीस गुणतक्ता. ब्लाइंड (दोघांनी आधीच लावायच्या सक्तीच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) ५०/१००. दोघांकडेही सुरुवातीला १०,००० चिप्स.

मी बटनवर (पुढच्या फेऱ्यांत शेवटी बोलायची जागा). हातात बदाम एक्का, किल्वर राणी.
माझ्यापर्यंत सगळे फोल्ड (पत्ते टाकले), मी २५०. स्मॉल ब्लाइंड फोल्ड, बिग ब्लाइंड कॉल (तेवढेच भरले). पॉट ५५०.
फ्लॉप (पहिली तीन सामाईक पानं) : बदाम राणी, बदाम अठ्ठी, किल्वर तिर्री. तो चेक (बेट न मारता पुढे), मी ३५०, तो कॉल. पॉट १,२५०.
टर्न (चौथं पान) : इस्पिक दुर्री. तो चेक, मी ९००, तो कॉल. पॉट ३,०५०. दोघांच्या मागे ८,५०० उरले.
रिव्हर (पाचवं, शेवटचं पान) : बदाम सत्ती. इथे त्यानं चेक न करता थेट २,००० मारले.

मी कॉल केला. हिशेब असा धरला : २,००० घालून एकूण ७,०५० च्या पॉटसाठी खेळतोय, म्हणजे २८.४ टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरीत सुटतो. हातात टॉप पेअर, टॉप किकर (बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी, सोबत एक्का). शिवाय बदाम एक्का माझ्याकडे, त्यामुळे त्याच्याकडे एक्क्याचा फ्लश (एका रंगाची पाच पानं) असूच शकत नाही. बोला.

सातपूरकर
पॉटचा भाव बरोबर काढलाय. पण "२८ टक्के लागतात" हा अर्धाच हिशेब झाला. "माझ्याकडे किती टक्के आहेत" हा दुसरा अर्धा तुम्ही मांडलेलाच नाही. तो मांडायला माहिती हवी :

१. हा गडी बिग ब्लाइंडमधून किती सैल कॉल करतो? राजा-तिर्री एकाच रंगाची असली तर खेळतो का?
२. फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पान कमी) घेऊन फ्लॉपला रेज करतो (बेट वाढवतो) की गुपचूप कॉल?
३. टर्नला नुसत्या गटशॉटवर (सलग पाचांत मधलं एकच पान कमी) पॉटच्या पाऊण भागाची बेट कॉल करतो का?
४. रिव्हरला असा स्वतःहून पुढाकार याआधी कधी घेतलाय? घेतला तेव्हा काय निघालं?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बाकी तिन्हींचं उत्तर "माहीत नाही" असलं तरी चालून जाईल.

चिवडेवाला
टॉप पेअर टॉप किकर सोडायचं असेल तर मग बसायचं कशाला राव? मिसळ खाऊन घरी जावं.

मेंढीकोट
@सातपूरकर, १. एका रंगाचा राजा कधीच सोडत नाही. २. गुपचूप कॉल. रेज केली तर बहुधा सेट (हातात जोडी, बोर्डावर तेच तिसरं पान) किंवा टू पेअर (दोन जोड्या). ३. खात्रीनं सांगता येत नाही. ४. रिव्हरला पुढाकार क्वचितच, आणि पत्ते उघडले गेले तेव्हा पक्का हातच होता. मात्र उघडलेले प्रसंग फार कमी, त्यावर भिस्त ठेवता येणार नाही.

गोदाकाठ
आता मोजू. मोजल्याशिवाय "वाटतं" हा शब्द या धाग्यात नको.

मोजायची युनिट कॉम्बो. एखादा हात नेमक्या किती प्रकारे त्याच्याकडे असू शकतो ते. तुमची दोन पानं आणि बोर्डावरची पाच वजा करायची, उरलेल्यांतून मोजायचं.

आधी फ्लश. बदामाची १३ पानं. राणी, अठ्ठी, सत्ती बोर्डावर, एक्का तुमच्याकडे. उरली ९ : राजा, गुलाम, दश्शी, नव्वी, छक्की, पंजी, चौकी, तिर्री, दुर्री. दोन-दोनच्या जोड्या ३६ होतात, पण छक्की-दुर्री कोणी खेळत नाही. खेळण्याजोग्या :

राजाबरोबर बाकीची आठही पानं : ८
गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी : ३
छक्की-पंजी, पंजी-चौकी, छक्की-चौकी : ३

एकूण १४. राजा-गुलाम काही जण फ्लॉपआधीच रीरेज करतील, पण एखाद्या कॉम्बोनं फरक पडत नाही.

इथेच तुमच्या ब्लॉकरची, म्हणजे समोरच्याचे काही हात अशक्य करणाऱ्या पानाची, किंमत कळते. बदाम एक्का तुमच्याकडे नसता तर एक्क्याबरोबर उरलेली नऊ पानं, म्हणजे आणखी ९ कॉम्बो आले असते आणि फ्लश २३ झाले असते. एका पानानं २३ चे १४ केले. तुमचा मुद्दा पोकळ नाही.

मग सेट. अठ्ठ्या ३, तिर्र्या ३, दुर्र्या ३ कॉम्बो. तुम्हीच म्हणता की असा हात असला तर तो रेज करतो, म्हणजे बरेचसे आधीच गळाले. उरलेल्यांपैकीही तिसरं बदाम बघून बहुतेक चेक करतील. सेट आणि टू पेअर मिळून २ धरतो.

तुम्हाला हरवणारे : १६.

आता तुम्ही कोणाला हरवता? इथे गोची आहे. या बोर्डावरचा मुख्य ड्रॉ फ्लशचा होता आणि तोच लागला. मग न लागलेलं उरलं काय? नुसते गटशॉट : गुलाम-दश्शीला नव्वी हवी होती, गुलाम-नव्वीला दश्शी, दश्शी-नव्वीला गुलाम. बदाम सोडून एका रंगाच्या जोड्या प्रत्येकी ३, एकूण ९. पण टर्नला ९०० देऊन हे थांबले असतील का? गटशॉटची ४ पानं, न दिसलेली ४६, म्हणजे ८.७ टक्के. भाव मात्र २९.५ टक्क्यांचा होता. शहाणा माणूस टाकून देईल. एक तृतीयांश थांबले आणि त्या सगळ्यांनी ब्लफ मारला असं धरलं तर ३.

३ भागिले १९ = १५.८ टक्के. हवे होते २८.४.

चिप्समध्ये : १५.८ टक्के वेळा ५,०५० मिळतात, ८४.२ टक्के वेळा २,००० जातात. सरासरी तोटा ८८७ च्या आसपास, म्हणजे जवळजवळ नऊ बिग ब्लाइंड. माझ्या मते फोल्ड.

बदामसात
थांबा. दुसऱ्या बाजूनं बघू. त्यानं ३,०५० मध्ये २,००० मारले. किमान बचावाचं प्रमाण ३,०५० भागिले ५,०५०, म्हणजे ६०.४ टक्के. बटननं आपल्या रेंजच्या (असू शकणाऱ्या सगळ्या हातांच्या) ६० टक्के हातांनी उभं राहायलाच हवं, नाहीतर समोरचा कोणतीही दोन पानं घेऊन ब्लफ मारून पैसे, सॉरी, चिप्स काढेल. आणि बटनच्या रेंजमध्ये बदाम एक्का असलेली एक्का-राणी वरच्या ६० टक्क्यांत बसणारच.

गोदाकाठ
आकडा बरोबर, जागा चुकली. ६०.४ चं प्रमाण हे समोरचा मनमानी ब्लफ मारू शकतो तेव्हाचं कुलूप आहे. त्याच्याकडे मुळात ब्लफला पानंच पुरत नसतील, किंवा तो स्वभावानंच मारत नसेल, तर कुलूप कशाला? जो माणूस ब्लफ कमी मारतो त्याच्यापुढे जास्त फोल्ड करणं हाच नफा.

हो, समोर अनोळखी आणि तयारीचा खेळाडू असता तर तुमचं म्हणणं पहिल्यांदा लागू पडलं असतं. आणि तेव्हाही राजा-राणी आधी टाकून ही एक्का-राणी ठेवायची, कारण बदाम एक्का. तिथे आपलं जुळतं.

सातपूरकर
ब्लॉकरबद्दल एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच जणांची उलटी होते. रिव्हरला बदाम न पडता चौकट सत्ती पडली असती तर हाच बदाम एक्का कॉलच्या *विरोधात* गेला असता. तेव्हा न लागलेले फ्लश ड्रॉ हेच ब्लफ असतात, आणि एक्क्याचे ड्रॉ तुम्ही स्वतःच्या हातात धरून बसलात. ब्लॉकर चांगला की वाईट हे रिव्हरचं पान ठरवतं. पान बघण्याआधी "माझ्याकडे ब्लॉकर आहे" म्हणण्यात अर्थ नाही.

तरीही त्या कोरड्या रिव्हरला कॉलच योग्य ठरतो, ते मोजून बघा. वरच्या १४ पैकी राजा-तिर्री आणि राजा-दुर्रीला जोडी आहे, उरलेले १२ ठणठणीत कोरडे. निम्म्यांनी ब्लफ मारला तरी ६. हरवणारे : न गळालेले सेट ३, एका रंगाच्या राणी-अठ्ठी २, राणी-सत्ती १, अठ्ठी-सत्ती २, मिळून ८. ६ भागिले १४ = ४२.९ टक्के. तीच बेट, तोच भाव, तेच दोन पत्ते. एका पानाच्या रंगानं उत्तर फिरलं. आणि लक्षात घ्या, या "बरोबर" कॉलमध्येही सातापैकी चार वेळा चिप्स समोर सरकतात.

चिवडेवाला
बरं, मोजलंत ते ठीक. पण तो राजा-राणी घेऊन मारत नसेल कशावरून? मी मारतो!

सातपूरकर
चिवडेवाले, गंमतीत बोललात पण नेम बरोबर बसला. गोदाकाठच्या हिशेबात ती एकच फट आहे.

राजा-राणी ८ कॉम्बो (राजे ४, शिल्लक राण्या २), राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८. एकूण २४, फ्लशपेक्षा जास्त. बहुतेक जण बदाम बघून चेक करतील. पण २४ मधल्या नुसत्या ४ नी जरी घाबरून किंवा हौसेनं बेट मारली, तरी तुम्ही हरवता ते ३ चे ७ होतात. ७ भागिले २३ = ३०.४ टक्के. कॉल नफ्यात.

म्हणजे "नऊ बिग ब्लाइंडचा तोटा" हा आकडा दिसतो तितका भक्कम नाही. चार कॉम्बोंवर उलटणारा निर्णय आहे. असे हात "घोडचूक" या खान्यात टाकू नयेत. घोडचूक म्हणजे जिथे अंदाज दुप्पट चुकला तरी उत्तर बदलत नाही ती.

माझं मत तरी फोल्डच. दोन तृतीयांश पॉटची बेट कोणी मधल्या हातानं मारत नाही. राजा-राणी घेऊन भ्यायलेला माणूस ६००-८०० मारतो, स्वस्तात पत्ते बघायला. तसं झालं असतं तर विचारायची गरजच नव्हती, लगेच कॉल.

गोदाकाठ
मान्य. तेवढी फट ठेवूनच वाचावं.

पंचवटी_एक्सप्रेस
सगळे रिव्हरला अडकलेत. टर्नकडे कोणी बघेल का?

टर्नला तुम्ही १,२५० मध्ये ९०० मारले. फ्लश ड्रॉवाल्याच्या नजरेतून : ९ पानं, ४६ न दिसलेली, १९.६ टक्के. (खरं तर एक पान तुमच्या हातात, म्हणजे ४४ मध्ये ८, पण ते त्याला कुठे माहीत?) भाव २९.५ टक्क्यांचा. म्हणजे तेवढ्यापुरता त्याचा कॉल तोट्याचा. तो भरून निघायला बदाम लागल्यावर रिव्हरला आणखी किती मिळायला हवं? ९०० × ३७ ÷ ९ = ३,७००. त्यातले २,१५० टर्नलाच समोर आहेत. राहिले १,५५०.

त्याला रिव्हरला सरासरी १,५५० मिळाले की बरोबरी. तुम्ही २,००० दिलेत. टर्नला त्याच्याकडून महाग भाव वसूल केलात आणि रिव्हरला तो व्याजासकट परत केलात. टर्नची बेट चांगली होती हो, पण तिचा फायदा बदाम पडल्यावर फोल्ड करता आलं तरच हातात राहतो. दोन्ही निर्णय एकमेकांना बांधलेले आहेत, वेगवेगळे तपासले की हे निसटतं.

मेंढीकोट
हे डोक्यात आलंच नव्हतं. टर्न आणि रिव्हर वेगळेच धरले होते.

बरं, आता सांगून टाकतो. त्यानं इस्पिक गुलाम-दश्शी उघडली. नुसता गटशॉट, न लागलेला. पॉट माझा.

चिवडेवाला
हा घ्या! कॉल बरोबर! कॉम्बो मोजत बसा आता 😄

द्राक्षमळा
चिवडेवाले, बेमोसमी पावसाच्या अंदाजावर बागायतदार डाऊनी या द्राक्षावरच्या बुरशीरोगासाठी फवारणी घेतो, पाऊस पडत नाही, म्हणून फवारणी चुकली असं निफाडात कोणी म्हणत नाही. अंदाज काय होता आणि न फवारता किती माल गेला असता, एवढंच विचारतात.

गोदाकाठ
तरी उघडलेल्या पत्त्यांचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. उत्तर जुन्या हाताला लागू पडत नाही, पुढच्याला पडतं.

आता कळलं की हा गडी टर्नला गटशॉटवर ९०० देतो आणि रिव्हरला बदाम बघून ब्लफ मारायची छातीही ठेवतो. आपण ९ पैकी ३ धरले होते. पुढच्या वेळी त्याच्यासाठी ५-६ धरू. बरोबरीला सहाहून थोडे जास्त लागतात. नऊच्या नऊ धरले तर ९ भागिले २५, ३६ टक्के, आणि कॉल सरासरी ५३८ नं फायद्यात जातो. पण एकदा बघितलं म्हणून थेट नवावर उडी मारू नका. आणखी एकदा असंच उघडेपर्यंत सीमेवरचाच हात समजा.

वहीत त्याच्या नावापुढे नोंद अशी : "टर्न, गटशॉट, ०.७ पॉट कॉल. रिव्हर, फ्लश लागणारं पान, पुढाकार ०.६५ पॉट, ब्लफ." नुसतं "ब्लफ मारतो" लिहिलंत तर दोन महिन्यांनी काही उपयोग नाही. कुठल्या पानावर आणि किती आकाराची बेट, हे नसेल तर ती नोंद पुढच्या हाताला दिशाभूलच करते.

संपादक
धागा छान चाललाय. फक्त आठवण : ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन गेम बंद आहेत. ॲपच्या लिंका आणि पैशांची भाषा नको. एक प्रतिसाद उडवला आहे.

बदामसात
गुणतक्ता आहे म्हणालात, तर तो हात स्पर्धेतला होता की नेहमीचा?

मेंढीकोट
नेहमीचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी स्पर्धा असते, पहिल्या तिघांना ५०-३०-२० गुण.

बदामसात
मग तो रविवार वेगळा धरा. तिथे चिप्स म्हणजे गुण नव्हेत. चार जण उरलेत, सगळ्यांच्या चिप्स सारख्या, तर प्रत्येकाचा सरासरी वाटा २५ गुण. आता कोणीतरी सगळ्या चिप्स लावल्या आणि तुम्ही कॉल केलात. जिंकलात तर निम्म्या चिप्स तुमच्या. वाटा किती? पहिला यायची शक्यता ५० टक्के, दुसरा ३३.३, तिसरा १६.७. गुण : २५ + १० + ३.३ = ३८.३. दुप्पट चिप्स झाल्या, पण वाटा दीडपटच झाला. २५ गुण पणाला लावून ३८.३ मिळवायचे तर ६५ टक्के जिंकायला हवं. नेहमीच्या टेबलावर त्याच जागी ५० टक्क्यांना भागतं (मधले ब्लाइंड सोडून).

तेव्हा "हा कॉल बरोबर का" विचारताना कोणता रविवार ते आधी लिहा.

सिडकोकर
हे सगळं सॉल्व्हरमध्ये (अचूक खेळ शोधून देणारं सॉफ्टवेअर) घालून एका मिनिटात उत्तर मिळणार नाही का? पायोसॉल्व्हर किंवा जीटीओ विझार्ड?

सातपूरकर
मिळेल, पण कोणाविरुद्धचं? सॉल्व्हर दोन्ही बाजूंना अचूक खेळणारे खेळाडू धरतो. बिग ब्लाइंडची फ्लॉपआधीची रेंज तुम्ही घालायची. ती पुस्तकी घातलीत तर राजा-दुर्री कोणीही सोडत नसलेल्या टेबलाचं उत्तर येणार नाही. शिवाय त्याला बेटचे मोजकेच आकार दिलेत तर तो त्यांतच उत्तर शोधेल.

सुरुवातीला इक्विलॅबसारखं साधं साधन पुरे : समोरच्याची रेंज घाला, आपला हात घाला, बोर्ड घाला, टक्के बघा. मग रेंजमधले एक-दोन प्रकार काढा-घाला आणि टक्के किती हलतात ते बघा. जोरात हलले तर समजा की तुमचा निर्णय त्या एका अंदाजावर टांगलेला आहे, आणि पुढच्या खेपेला टेबलावर नेमकं तेवढंच बघायचं.

टेबलावर बसून मात्र यातलं काही जमत नाही. तिथे तीन गोष्टी पुरतात : भाव, हे पान नेमक्या कोणत्या ड्रॉला लागलं, आणि न लागलेलं काय उरलं. तिसऱ्याचं उत्तर पटकन सुचलं नाही की फोल्ड.

मेंढीकोट
@पंचवटी_एक्सप्रेस, टर्नला ९०० ऐवजी १,४०० मारले असते तर? पॉटपेक्षा जास्त.

पंचवटी_एक्सप्रेस
मग त्याचा भाव १,४०० भागिले ४,०५०, ३४.६ टक्के. फ्लश ड्रॉला बरोबरीसाठी १,४०० × ३७ ÷ ९, म्हणजे ५,७५५ च्या वर, त्यातून समोरचे २,६५० वजा. रिव्हरला आणखी ३,१०० हवेत. मागे ८,००० शिल्लक आणि रिव्हरचा पॉट ४,०५०, म्हणजे तेवढे मिळवायला त्याला पॉटच्या पाऊणपेक्षा मोठी बेट मारून प्रत्येक वेळी कॉल मिळायला हवा. ड्रॉची चांगलीच कोंडी होते.

पण ते २४ राणीवाले हात आठवा. ९०० ला राणी-दश्शी कुरकुरत का होईना थांबते, १,४०० ला टाकून दिली तर? तुमची मुख्य कमाई त्याच २४ मधून येते, १४ ड्रॉमधून नव्हे. हा गडी एका रंगाचा राजा कधीच सोडत नाही म्हणता, तर राणीची जोडी १,४०० ला सोडतो का, ते सांगा. सोडत नसेल तर १,४०० च मारा. सोडत असेल तर ९०० ठीक होते.

मेंढीकोट
राणीची जोडी? तो अठ्ठीची जोडीसुद्धा सोडत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
मग १,४००. आणि रिव्हरला बदाम पडून त्यानं पुढाकार घेतला तर, एक गुलाम-दश्शी बघितली असली तरी, अजून तरी फोल्ड.